खुर्चीवरून दिसणारे पक्षी

"पक्षी बघायचे म्हणजे भिगवणला जा, नांदूर मध्यमेश्वरला जा, पहाटे चारला उठा, चिखल तुडवा. आम्हाला आता सोसायटीचं गेटसुद्धा लांब वाटतं. घरात बसून काय दिसणार? कावळे आणि कबुतरं!"

सत्तरी ओलांडलेले वाचक हे फार वेळा विचारतात, आणि विचारताना उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असा सूर असतो. ते उत्तर चूक आहे. गॅलरीसमोर एखाददुसरं जुनं झाड असलं तरी बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, कोकिळ, भारद्वाज, पोपट, होला, घार ही मंडळी वर्षभरात हजेरी लावतात. गावाकडे परसात पेरू, शेवगा आणि आड असला तर यादी बरीच लांबते. प्रश्न पक्ष्यांच्या संख्येचा नसून त्यांच्याकडे बघावं कसं याचा आहे, आणि त्या बाबतीत घरी बसणारा माणूस हिंडणाऱ्यापेक्षा नशीबवान आहे.

1. बसून राहण्याचा फायदा

प्रत्येक पक्षी माणसापासून काही अंतर राखून असतो. त्या अंतराच्या आत कुणी आलं की तो उडतो. मात्र हे अंतर कायमचं ठरलेलं नसतं. चालत येणाऱ्या अनोळखी माणसाला साळुंकी लांबूनच टाळते, पण रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीत, हातपाय न हलवता बसणाऱ्या माणसाला ती काही आठवड्यांत सरावते. मग कठड्यावर येऊन बसते आणि आपलं काम करते.

दुसरी गोष्ट अशी की बरेचसे घराजवळचे पक्षी विणीच्या काळात एका लहानशा जागेला धरून असतात. समोरच्या तारेवर रोज पहाटे गाणारा काळा-पांढरा दयाळ बहुधा तोच असतो. हिंडणारा माणूस पुष्कळ पक्षी एकेकदा बघतो. बसणारा माणूस एकच पक्षी पुष्कळदा बघतो. नाव पहिल्यालाही कळतं. पण पक्षी कुठे झोपतो, कुणाशी भांडतो, पिल्लांना काय भरवतो हे दुसऱ्यालाच कळतं.

सलीम अली यांच्या नावाभोवती हिमालयापासून केरळपर्यंतच्या मोहिमांचं वलय आहे, पण त्यांचं नाव झालं ते एका जागी बसून. 1930 साली जर्मनीहून शिकून परतल्यावर त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमच्या घरी राहत असताना त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीशेजारी एक शिडी उभी केली, तिच्यावर कापडाचा आडोसा केला आणि तासन् तास बसून राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते तपासून पसंत करते, मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं सुरू करतो, हे त्या बसण्यातून कळलं. त्याच्याही आधी, 1851 साली साताऱ्यात जन्मलेल्या ई. एच. ऐटकेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगल्याच्या व्हरांड्यात येणाऱ्या उंदीर, मुंग्या, कावळे यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. 1883 सालच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. दोघंही तेव्हा म्हातारे नव्हते, हे खरं. पण त्यांची रीत म्हातारपणी जास्त जमण्यासारखी आहे.

2. ओळख कुठून सुरू करायची?

पुस्तकातून नको. सुरुवात तीन पक्ष्यांपासून करावी, जे कुणालाही शिकवावे लागत नाहीत: चिमणी, साळुंकी, कावळा. ही तुमची मापं. नवा पक्षी दिसला की पहिला प्रश्न आकाराचा: चिमणीपेक्षा लहान? चिमणी आणि साळुंकीच्या मधला? की साळुंकीपेक्षा मोठा? दुसरा प्रश्न: तो कुठे आहे आणि काय करतोय? रंगाचा प्रश्न तिसरा. आपण उलटं करतो. रंग आधी बघतो आणि सावलीत रंग फसवतात.

एक उदाहरण घेऊ. जास्वंदीवर काहीतरी हललं. आकार चिमणीहून लहान. चोच लांब, खाली वळलेली, ती फुलाच्या बुडाशी घुसते आहे. रंग काळपट. एवढ्यावर उत्तर मिळालं: शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. आता तो उन्हात येईपर्यंत थांबा. काळा वाटणारा नर एकदम जांभळा-निळा चमकेल, कारण त्याच्या पिसांचा तो झळाळ रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो तेव्हा ठराविक कोनातच तो रंग डोळ्यापर्यंत पोहोचतो. शेजारी पिवळ्या पोटाची, पाठीला मातकट असलेली ती मादी.

दुसरं उदाहरण. आकार चिमणी आणि साळुंकीच्या मधला, डोक्यावर तुरा, कठड्यावर जोडीने बसलेले. हे बुलबुल. शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका आणि डोकं काळं असेल तर लालबुड्या. तुरा टोकदार आणि गालावर लाल ठिपका असेल तर शिपाई बुलबुल. कोकणात आणि घाटाच्या बाजूला दुसरा जास्त भेटतो.

कोकिळेच्या बाबतीत मात्र कवींनी पुष्कळ घोटाळा करून ठेवला आहे. कुहू-कुहू करतो तो नर, अंगाने काळाकुळकुळीत आणि डोळे लाल. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज म्हणजे किक-किक-किक असा कर्कश कलकलाट. पावसाच्या तोंडावर कावळ्याच्या मागे लागून खाऊ मागणारं विचित्र पिल्लू दिसलं तर ते बहुधा तिचंच. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून ती मोकळी झालेली असते.

3. "पूर्वीसारखे पक्षी आता ओरडत नाहीत"

ही तक्रार आजी-आजोबांकडून इतकी ऐकू येते की तिला स्वतंत्र जागा द्यायला हवी. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. काही ठिकाणी पक्षी खरोखरच कमी झाले आहेत. त्याचा विचार पुढे आहे. पण पुष्कळदा पक्षी जागेवर असतात, ओरडतही असतात. कमी होतं ते ऐकू येणं.

आधी आवाजाची पट्टी समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेतली कंपनं. एका सेकंदाला किती कंपनं, हे हर्ट्झ या एककात सांगतात. आकडा लहान तेवढा आवाज घोगरा, मोठा तेवढा बारीक. तरुण माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं.

आता कानाच्या आत जाऊ. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे 15,000 सूक्ष्म केसांच्या पेशी ओळीने बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक जागेची पट्टी ठरलेली असते: तोंडाशी बारीक आवाजांच्या, आत टोकाला घोगऱ्या आवाजांच्या. वय वाढतं तशा तोंडाजवळच्या पेशी आधी निकामी होतात. जुन्या बाजाच्या पेटीच्या वरच्या पट्ट्या मुक्या व्हाव्यात आणि खालच्या नीट वाजत राहाव्यात, तसं. म्हणून माणसाला वाटतं, "मला तर सगळं ऐकू येतं". कारण बोलण्यातला बराचसा भाग खालच्या पट्ट्यांत असतो. फक्त 'स', 'श', 'फ' पुसट होतात आणि सून तोंडातल्या तोंडात बोलते असा संशय येतो.

पक्ष्यांचं काय होतं ते आता सहज कळेल. भारद्वाजाचं खोल हूप-हूप-हूप अगदी खालच्या पट्टीतलं. ते ऐंशीव्या वर्षीही पोहोचतं. तांबटाचं दुपारभर चालणारं टुक-टुक-टुक, होल्याचं घुमणं, कावळ्याची काव-काव हेही बहुतेक टिकतं. शिंजिराची बारीक चिवचिव आणि चष्मेवाला नावाच्या पक्ष्यांच्या थव्याची नाजूक किणकिण मात्र वरच्या पट्टीत असते. ती आधी जाते. झाड तेच, पक्षी तेच, पण मैफलीतले निम्मे गायक ऐकणाऱ्यापुरते गप्प झालेले असतात.

नातवंडाला शेजारी बसवून याची घरगुती तपासणी करता येते. सकाळी सातच्या सुमारास दोघांनी डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि वेगळा आवाज आला की बोट वर करायचं. नातू सात वेळा बोट वर करतो आणि आजोबा चार वेळा, तर उरलेले तीन आवाज बारीक होते का ते त्याला विचारा. तसं असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी. पक्ष्यांसाठी म्हणून जा असं सांगितलं तर मानी माणसंही जातात. श्रवणयंत्राने सगळं परत येत नाही, पण काही जण परत येतात.

याच ठिकाणी एक गंमतही आहे. माणसाच्या त्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात. 1980 च्या दशकाच्या शेवटी हे ध्यानात आलं. पुढे 2017 मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी गव्हाणी घुबडांची श्रवणशक्ती तपासली. त्यांतलं एक घुबड 23 वर्षांचं, म्हणजे त्या जातीत पणजोबा म्हणावं असं. त्यालाही तरण्या घुबडांइतकंच ऐकू येत होतं.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मोबाइल कामाचा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेने बनवलेलं मर्लिन नावाचं मोफत ॲप आजूबाजूचे आवाज ऐकतं आणि कुठला पक्षी ओरडतोय त्याचं नाव व चित्र पडद्यावर दाखवतं. ते चुकतंही, त्यामुळे दिसल्याशिवाय विश्वास ठेवू नये. पण अमुक पक्षी आत्ता समोर आहे, एवढी खूण मिळाली तरी नजर कुठे न्यायची ते कळतं.

डोळ्यांचं थोडक्यात. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग नुसतं धुरकट होत नाही, पिवळसरही होतं, आणि पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं. म्हणून ऑपरेशननंतर खंड्याच्या पाठीचा निळा रंग बघून माणसं चकित होतात. दुर्बीण घ्यायचीच असेल तर 8 बाय 42 अशी घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेण्याचा मोह टाळावा, कारण हाताचा कंपही दहा पटीने मोठा दिसतो. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवून बघावं. आणि जास्वंद तीन हातांवर असेल तर दुर्बीण लागतच नाही.

4. पाणी, दाणे आणि कबुतरांचा प्रश्न

एकच गोष्ट करायची असेल तर पाणी ठेवा. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. मे महिन्यात कावळा चोच उघडी टाकून बसलेला दिसतो तेव्हा तो धापा टाकून, तोंडातली ओल उडवून अंग थंड करत असतो. म्हणजे जितकी उष्णता जास्त, तितकं पाणी जास्त खर्च. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांना टेकतो तेव्हा दाण्यांपेक्षा पाण्याला महत्त्व येतं.

भांडं कुंभाराकडचं मातीचं परळ असावं. खोली दोन बोटं पुरे. खोल बादलीत लहान पक्षी बुडतात. मध्ये एक खडबडीत दगड ठेवला की चिमणीला उभं राहायला जागा होते. पाणी रोज बदलायचं, आणि नुसतं ओतून देऊन भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून दोन दिवसांआड नारळाच्या शेंडीने कडा घासायच्या. साबण नको.

परळ कुठे ठेवायचं हे पक्ष्याच्या आधी माणसाच्या सोयीने ठरवावं. कमरेइतक्या उंचीवर, हात सहज पोहोचेल असं. स्टुलावर चढून टांगायचं भांडं साठीनंतर घरात आणूच नये. खाली सांडलेलं पाणी लगेच पुसावं. पक्ष्याला पाणी देताना मोडलेलं खुब्याचं हाड फार महागात पडतं.

दाण्यांत बाजरी, राळा, ज्वारी, तांदळाची कणी चालते. कोकणात दारावर भाताच्या लोंब्या टांगतात, तो चिमण्यांसाठी उत्तम बेत. पिकलेल्या पपईची फोड किंवा केळं ठेवलं की बुलबुल येतात. फरसाण, खारे शेंगदाणे, लोणचं लागलेला भात, दुधात भिजवलेली पोळी हे देऊ नका. जास्तीचं मीठ पक्ष्यांना सोसत नाही आणि दूध त्यांना पचत नाही.

खरं तर वाटीतल्या खाऊपेक्षा कुंडीतला खाऊ चांगला. कढीपत्त्याची काळी फळं कोकिळ आणि बुलबुल दोघांनाही आवडतात, आणि पानं स्वयंपाकघराला मिळतात. जास्वंद आणि शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतात. झाडांवर मावा पडला म्हणून लगेच औषध फवारू नये. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. किडे नसले की अंडी फुटतात, पिल्लं मात्र जगत नाहीत.

चिमण्या कुठे गेल्या याचंही उत्तर इथेच येतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात देशभरात चिमण्यांची संख्या साधारण टिकून असल्याचं आढळलं; मुंबईसारख्या महानगरांत मात्र ती हळूहळू घटली आहे. मोबाइल टॉवरवर ठपका ठेवायची आपल्याला सवय लागली आहे, पण त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. चिमणीला घरट्यासाठी भोक लागतं. वाड्यात तुळया होत्या, कौलं होती, भिंतीवर कलत्या लावलेल्या तसबिरी होत्या. फ्लॅटच्या गुळगुळीत भिंतीत तिने राहावं कुठे? सव्वा इंचाच्या भोकाची लाकडी पेटी सावलीत लावून बघावी. भोक मोठं झालं की साळुंकी घुसते. पेटी लावायचं काम मात्र सुताराचं किंवा मुलाचं.

आता कबुतरं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. कबुतरांना दाणे टाकण्यामागे श्रद्धा असते, ती मला मान्य आहे, पण ज्या घरात वयस्कर माणूस आहे तिथे गॅलरीत कबुतरं जमवू नयेत. त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते. काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था या भुकटीतल्या प्रथिनांना शत्रू समजते आणि फुप्फुसाला सूज येते. महिनोन् महिने असं होत राहिलं तर फुप्फुसावर कायमचे वण पडतात आणि चार पायऱ्या चढतानाही धाप लागते. सुरुवातीला फक्त कोरडा खोकला असतो, म्हणून दुर्लक्ष होतं. 2025 च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच आजार होता. विष्ठा साफ करताना कोरडा झाडू कधीही मारू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क बांधा, मग पुसा. आधीच दमा असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. पारवे वर्षभर वीण करतात, आयता दाणा मिळाला की अधिकच. दाणे बंद केले तर ते उपाशी मरत नाहीत, दुसरीकडे जातात.

5. गॅलरीत घरटं झालं तर?

मनी प्लांटमध्ये बुलबुलाने वाटी विणली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो हात लावू नका, दुसरा म्हणतो कपडे कुठे वाळत घालू? दोघांचंही समाधान एका छोट्या हिशेबाने होतं.

बुलबुलाची मादी साधारण दोन-तीन अंडी घालते, रोज एक. सगळी घालून झाल्यावर अंडी फुटायला जवळपास दोन आठवडे लागतात. पिल्लं घरट्यात आणखी बारा-तेरा दिवस राहतात. समजा तिसरं अंडं 5 मे रोजी दिसलं. तर 18-19 मेच्या सुमारास पिल्लं बाहेर येतील आणि 31 मे ते 1 जूनला घरटं रिकामं होईल. म्हणजे चार आठवड्यांपुरती दोरी दुसऱ्या खिडकीला बांधायची. हा हिशेब कॅलेंडरच्या त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. कामवाल्या मावशींनाही सांगा, नाहीतर त्या साफसफाई करताना सगळं गोळा करतात.

उडायच्या दिवशी एखादं पिल्लू खाली पडतं आणि घरात धावपळ होते. त्याला पिसं फुटलेली असतील तर ते शिकत असतं. आईबाप जवळच असतात. मांजर तेवढं आत कोंडा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते ही समजूत खोटी आहे. पिसं न फुटलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवलं तरी आई त्याला भरवते.

खिडकीच्या काचेवर किंवा मोटारीच्या आरशावर चोची मारणाऱ्या पक्ष्यालाही वेड लागलेलं नसतं. विणीच्या दिवसांत त्याला आरशात आपल्या जागेवर घुसलेला दुसरा नर दिसतो. काचेला बाहेरून कागद लावला की भांडण संपतं. आतून पडदा ओढला तर प्रतिबिंब आणखीच स्पष्ट होतं.

6. याने खरंच बरं वाटतं का?

वाटतं, पण त्याचं मोजमाप कसं झालं आणि कितपत झालं ते बघू.

1984 मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांनी तीव्र वेदनाशामकं कमी घेतली. हा अभ्यास लहान आहे आणि फक्त झाडांचा आहे. 2022 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने 1,292 लोकांच्या मोबाइलवर दिवसातून अनेकदा विचारणा करून पाहिली: आत्ता पक्षी दिसतोय का, ऐकू येतोय का, आणि मन कसं आहे? पक्षी दिसले-ऐकू आले तेव्हा लोकांना बरं वाटत होतं, तो परिणाम पुढचे काही तास टिकत होता, आणि नैराश्य असलेल्यांतही तो दिसला. मात्र हे सगळे मोबाइल वापरणारे, नाना वयांचे लोक; नुसतेच म्हातारे नव्हेत.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो एक फारसा कुणाला ठाऊक नसलेला प्रयोग. 1983 मध्ये बॅन्झिगर आणि राउश या दोघांनी एका अमेरिकन वृद्धाश्रमातल्या काही जणांच्या खिडकीबाहेर दाण्यांची भांडी बसवली आणि त्यांना सांगितलं: हे तुमचं, याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या काही जणांना भांडं दिलं नाही; तुमची काळजी घ्यायला कर्मचारी आहेत, असं सांगितलं. ज्यांच्यावर काम सोपवलं होतं ते काही काळाने जास्त आनंदी आणि हालते-फिरते झाले, आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं त्यांना अधिक वाटू लागलं.

आपल्या घरांत प्रेमापोटी नेमकं याच्या उलट होतं. "आई, तुम्ही बसा, परळात पाणी मी घालते." सून चांगल्या मनाने म्हणते, आणि आईंच्या दिवसातलं एकुलतं एक काम जातं. पाणी आईंनाच घालू द्यावं. चार थेंब सांडतील. दाणे कधी संपले, दुकानातून कुठले आणायचे, बुलबुलाचं घरटं आज बघायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा. ज्यांना विसरायला होतं अशा माणसांनाही रोज त्याच वेळी तेच परळ भरणं पुष्कळ दिवस जमतं. लागलीच तर परळाशेजारी तांब्या भरून ठेवण्याएवढी मदत करावी.

जाता जाता पिंजऱ्याविषयी. एकट्या आजींना सोबत म्हणून पोपट आणून देणारी मुलं अजून भेटतात. आपल्याकडचा हिरवा पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तोच पोपट समोरच्या झाडावर पेरू कुरतडताना फुकट बघायला मिळतो.

7. वही आणि मोजणी

एक दोनशेपानी वही घ्या. तारीख, वेळ, हवा, काय दिसलं, काय करत होता. इतकंच. पहिल्यांदा ऐकलेल्या आवाजाची तारीख आवर्जून लिहा: पावशा कधी ओरडला, तुरेवाला काळा-पांढरा चातक कधी आला, पावसाळा सरताना भोरड्यांचे थवे संध्याकाळी कधीपासून जाऊ लागले. चार-पाच वर्षांच्या अशा तारखा एका जागेवरून, एकाच माणसाने लिहिलेल्या असल्या तर अभ्यासकांनाही त्या हव्या असतात.

मोजताना अडचण येते ती अशी: तीन चिमण्या आल्या, गेल्या, मग पाच आल्या, मग दोन. एकूण दहा का? नाही, कारण त्याच पुन्हा येत असतील. ब्रिटनमध्ये 1979 पासून दर जानेवारीत घरोघरी पक्षी मोजतात, तिथला नियम सोपा आहे: एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या तोच आकडा. म्हणून इथे पाच लिहायचं.

भारतातही फेब्रुवारीत चार दिवस अशी मोजणी होते. अमेरिकेत 1998 साली सुरू झालेली ही परसातल्या पक्ष्यांची मोजणी 2013 पासून जगभर, आपल्याकडेही चालते. किमान 15 मिनिटं बसून दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. त्यात गॅलरी चालते, गच्ची चालते, दवाखान्याची खिडकीही चालते. नोंद नातीने तिच्या मोबाइलवर करायची, पक्षी आजीने सांगायचे. कावळे आणि पारवे फार झाले म्हणून गाळायचे नाहीत. नेहमीच्या पक्ष्यांचे आकडेच पुढे कमी-जास्त कळायला लागतात.